ज्याचं टेबल, त्याने दोष सांगायचे

गाडी घेताना माणूस इंजिनाबद्दल शंभर प्रश्न विचारतो आणि नंतर वर्षानुवर्षं बसतो मात्र सीटवर. हे वाक्य माझं नाही, आमच्या वडिलांचं, आबांचं आहे. आबा गाड्यांच्या सीट शिवायचे. त्यांच्या हाताखाली मी शिकले, माझ्यामागून माझा धाकटा भाऊ शिकला. मला कापड लागलं, त्याला चामडं.

भावाला सगळे गुंड्या म्हणतात. लहानपणी त्याने सीटच्या पाठीला लावायची गुंडी गिळली होती. ती गुंडी परत मिळेपर्यंत आबांनी काय काय केलं ही गोष्ट आमच्याकडे जेवताना सांगत नाहीत. आता त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत, चष्मा लागलाय, तरी तो गुंड्याच. मला तो ताई म्हणतो. म्हणतो म्हणजे, म्हणायचा. अजूनही म्हणत असेल, मला ऐकू येत नाही इतकंच.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. गाडी आणली की तिचं तोंड आत आणि शेपूट रस्त्यावर. तिच्यापलीकडे डाव्या भिंतीला माझं टेबल, त्याच्यामागे कापडाचे तागे उभे केलेले. उजव्या भिंतीला त्याचं टेबल, वर आडव्या दांडीवर चामडी टाकलेली, टेबलावर दाभण, लाकडी हातोडा आणि दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा. दोन टेबलांच्या मध्ये एक माणूस जरा अंग चोरून जाईल एवढी वाट. गिऱ्हाईक त्या वाटेवर उभं राहायचं आणि सगळी गिऱ्हाइकं विचारतात तोच प्रश्न विचारायचं. कापड घेऊ की चामडं?

आता या प्रश्नाचं उत्तर आमच्या दुकानात कसं द्यायचं, याचा आबांनी नियम घालून दिला होता. ज्याचं टेबल, त्याने दोष सांगायचे. कापडाचे दोष मी सांगायचे आणि चामड्याचे गुणही मीच सांगायचे. चामड्याचे दोष गुंड्याने सांगायचे आणि कापडाचे गुणही त्यानेच. आधी थोरलीने बोलायचं, मग धाकट्याने. "आपल्या मालाची स्तुती आपण केली की गिऱ्हाईक अर्धीच खरी मानतं," आबा म्हणायचे. "बहिणीच्या मालाची भावाने केली, की पुरती."

दुसऱ्या दुकानदारांना हे वेड्याचं सोंग वाटायचं. एक शेजारी तर आबांना तोंडावर म्हणाला होता, की तुमची पोरं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवून देतात. पण आमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक क्वचितच परत जायचं. कोणत्या तरी एका टेबलावर ते थांबायचंच, आणि पुन्हा पाहुण्यारावळ्यांना घेऊन यायचं. विश्वास हा असा असतो. एकदा बसला की शिलाई उसवायला वेळ लागतो.

माझं बोलणं सरळ. मी सांगायचे, "कापड डाग धरतं. चहा सांडला तर पुसेपर्यंत आत जातो. वास धरतं. कुत्रं नेणार असाल तर केसांची काळजी तुमची. घासून घासून त्याला बारीक गोळे येतात. चामडं ओल्या फडक्याने पुसलं की झालं. नीट ठेवलंत तर जुनं होताना जास्त शोभतं. गाडी विकायला काढाल तेव्हा माणूस दार उघडल्याबरोबर हो म्हणेल." एवढं बोलून मी गप्प व्हायचे आणि समोरच्या टेबलाकडे बघायचे.

मग गुंड्या सुरू. गुंड्याचं बोलणं ऐकायला चहावालासुद्धा कपबशा हातात घेऊन थांबायचा. "ताईने सांगितलं ते सगळं खरं," तो म्हणायचा, "पण उन्हात उभी केलेली गाडी बघितलीय का कधी? त्यात चामड्यावर बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं. तव्यावरच्या ऑम्लेटला निदान कोणीतरी उलटतं. तुम्हाला कोण उलटणार? थंडीत बसाल तर बर्फाच्या लादीवर. किल्लीचा ओरखडा गेला तर तो तुमच्यानंतर तुमच्या मुलांना मिळणार. दर थोड्या दिवसांनी मलम चोळायचं, नाहीतर टाचेसारख्या भेगा. आणि वळणावर? वळणावर चामड्यावरची सासू घसरत येऊन सुनेच्या मांडीवर बसते. घरात जे कधी झालं नाही ते गाडीत होतं!" इथे लोक हसायचे. तो हसायचा नाही. हात कापडाच्या ताग्यावर ठेवून तो शेवटचं वाक्य हळू आवाजात म्हणायचा, "कापड माणसाला धरून ठेवतं. चामडं वळण आलं की सोडून देतं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कातर चालवताना ते माझ्या डोक्यात आपोआप वाजायचं. माझ्या कापडाबद्दल जगात कोणी इतकं चांगलं बोललेलं नाही. माझ्या नवऱ्यानेसुद्धा नाही. तो बिचारा टपाल कचेरीत शिक्के मारतो, त्याला सगळ्या सीट सारख्याच.

आबा गेले. नियम राहिला.

मग एक मालक आमच्याकडे आला. मालक म्हणजे भाड्याच्या गाड्यांचा मालक. विमानतळावरून, हॉटेलातून माणसांची ने-आण करणाऱ्या त्याच्या गाड्या रस्त्यावर कुठेही उभं राहिलं तरी दिसतात. त्याला सगळ्या गाड्यांच्या सीट नव्याने करून घ्यायच्या होत्या आणि पुढे येणाऱ्या गाड्यांच्याही आमच्याकडेच द्यायच्या होत्या. गुंड्याच्या कुठल्याशा मित्राने त्याला आमचं नाव सांगितलं होतं. असं काम आबांच्या हयातीत कधी दुकानात आलं नव्हतं.

अडचण एकच होती. एवढं काम करायला मोठं कापायचं टेबल हवं, मोठी मशीन हवी, आणि आमची खोली तेवढीच. दोन टेबलांतलं एक उचलल्याशिवाय ते होणार नव्हतं. मालकाने कापड घेतलं तर गुंड्याचं टेबल जाणार, चामडं घेतलं तर माझं. ज्याचं जाईल त्याने दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचं.

गुंड्यासाठी ते एवढं कठीण नव्हतं. त्याला कापड येतं, आबांनी त्याला आधी कापडावरच बसवलं होतं. माझं तसं नाही. चामड्याला मनगट लागतं, दाभण रेटायला जोर लागतो आणि माझ्या उजव्या मनगटातून हल्ली कळ जाते. माझं टेबल गेलं तर त्या दुकानात मला दोरे वेचण्यापलीकडे काम उरणार नव्हतं. हे मला माहीत होतं. गुंड्यालाही माहीत होतं, कारण मनगटाला तेल लावून पट्टी बांधायला शिकवलं ते त्यानेच.

तो म्हणाला, "ताई, आपण भांडत बसायचं नाही. मालकालाच ठरवू दे. तो येईल तेव्हा तू तुझं बोल, मी माझं बोलतो. नेहमीसारखं. आबांच्या नियमाने जे होईल ते दोघांनी मान्य करायचं."

मी म्हटलं, "मान्य."

"नेहमीसारखंच हं," तो म्हणाला. "हातचं राखून बोलू नकोस."

मला त्याचं कौतुक वाटलं, काय सांगू. मोठ्या कामाने माणसं फिरतात आणि माझा भाऊ आबांचा नियम धरून बसलाय. मालक यायचा त्या दिवशी सकाळी नवरा बूट घालता घालता म्हणाला, "आज तेवढं जरा सांभाळून बोल. सगळ्या जगाचे डाग सांगत बसू नकोस." मी त्याच्यावर अशी उसळले, की एका पायात बूट घालून तो तसाच उभा राहिला. म्हटलं, तुम्हाला शिक्के मारण्यापलीकडे काही कळत नाही, आमच्या घरात शब्दाला किंमत असते. आता ते आठवलं की माझं मलाच हसू येतं आणि ते हसू चांगलं नसतं.

मालक आला. अंगाने भरलेला, कपड्यांची घडी न मोडलेला, बोलायला साधा. आम्ही दोन सीट तयार करून ठेवल्या होत्या, एक माझी, एक गुंड्याची. दोन्हींवर बसून बघितलं त्याने. तळहाताने दाबून बघितलं, शिवणीवरून बोट फिरवलं. माझ्या सीटवर जरा जास्तच वेळ बसला. मग वाटेत उभा राहून त्याने विचारलं, "बोला बाई. कापड की चामडं?"

मी बोलले. नेहमीसारखंच बोलले, उलट काम मोठं म्हणून जास्त नेटाने बोलले. भाड्याच्या गाडीत रोज नवा माणूस बसतो, कोणी खातं, कोणी सांडतं, कोणाला गाडी लागते, आणि कापड त्यातलं काहीच विसरत नाही, असं सांगितलं. गाडी धुवायला टाकली की कापड वाळेपर्यंत ती उभी राहणार, तेवढा धंदा बुडणार, हेही सांगितलं. मग म्हटलं, चामडं एका फडक्यात स्वच्छ होतं, दुसरा माणूस लगेच बसू शकतो, आणि बसणाऱ्याला आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटतं. एवढं सगळं सांगून मी गप्प झाले आणि समोरच्या टेबलाकडे बघितलं.

गुंड्या दोऱ्याला मेण लावत होता.

मी थांबले. वरचा पंखा फिरत होता, रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. गुंड्याने दोरा मेणावरून एकदा ओढला, परत ओढला. मला वाटलं, शब्द जुळवतोय. मालकही त्याच्याकडे वळला. "तुम्ही काय म्हणता?"

गुंड्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "ताई इतकं बोलली, त्यात मी काय भर घालणार?"

"म्हणजे चामडंच?"

"ताई स्वतः कापडवाली आहे," गुंड्या म्हणाला. "ती सांगते म्हटल्यावर..." आणि वाक्य त्याने तिथेच सोडून दिलं.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही बोललीस? तोंड शिवलं होतं का? मी उघडलं होतं तोंड. पण माझ्या कापडाचे गुण मी आयुष्यात कधी माझ्या तोंडाने सांगितले नव्हते. सांगायचे कसे ते मला येतच नव्हतं. ते सगळे शब्द गुंड्याकडे ठेवलेले होते. आपली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात ठेवावी आणि ऐन वेळी त्याने किल्ली देऊ नये, तसं झालं. मी उभी राहिले आणि मालक म्हणाला, "बरं, ठरलं मग. चामडं."

तो गेल्यावर मी गुंड्याला विचारलं, "अरे, बोलला का नाहीस?"

"घाबरलो ग ताई," तो म्हणाला. "एवढा मोठा माणूस समोर. घसा सुकला. एक शब्द आठवेना."

आणि मी काय केलं? मी त्याला पाणी आणून दिलं. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, जाऊ दे, तुझ्या नशिबाचं होतं, मला काही वाटत नाही. मला पुष्कळ वाटत होतं, पण तो माझा धाकटा भाऊ होता आणि त्याचे हात थरथरत होते. घाबरल्यानेच थरथरत असणार, दुसरं काय कारण असेल, असं मी धरून चालले.

पुढच्या आठवड्यात माझं टेबल गेलं. त्याचे स्क्रू गुंड्याने स्वतःच काढले, मला म्हणाला, तू बघू नकोस, तुला त्रास होईल. टेबलाच्या पायांखाली फरशीचा मूळ रंग निघाला. तिथे मोठी मशीन आली. माझे तागे मागे माळ्याच्या शिडीखाली गेले आणि मला मशीनशेजारी एक स्टूल मिळालं. गुंड्या शिवायचा, मी दोऱ्यांची टोकं कापायची, चामड्याच्या कडांना खळ लावायची, त्याला हवं तेव्हा दाभण हातात द्यायची. शब्द दिला होता, मी पाळत होते. गुंड्या फार गोड वागायचा. चहा आधी मला, उशी माझ्या पाठीला. सारखा विचारायचा, "ताई, बरं आहे ना?" मी आपली म्हणायचे, बरं आहे.

पहिली गाडी तयार झाली तेव्हा मालक स्वतः बघायला आला. दार उघडून आत बसला, हात फिरवला, खूश झाला. गुंड्या मागे मशीनवर होता. मालक बाहेर आला तो सरळ माझ्या स्टुलाकडे.

"बाई, तुमचे आभार मानायचे राहिले होते," तो म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत."

मी म्हटलं, "मी काय केलं?"

"अहो, मी तर कापड ठरवून आलो होतो. माझे ड्रायव्हर म्हणत होते कापडच घ्या, दिवसभर बसायला तेच बरं. तुमच्या भावाला मी फोनवर तसं सांगितलंही होतं. तो म्हणाला, घाई करू नका, एकदा येऊन ताईच्या तोंडून ऐका आणि मग ठरवा. ती स्वतःच्या मालाबद्दल खोटं बोलायची नाही." मालक हसला. "आणि खरंच, काय स्पष्ट बोललात तुम्ही. तिथल्या तिथे माझं मत बदललं."

मागे मशीन थांबली.

मला आठवतंय, माझ्या हातात कातर होती आणि मी ती हळूच मांडीवर ठेवली, कारण ती पडली असती. मालकाला मी काहीतरी बोलले, बरं झालं असं काहीतरी. तो गेला. गुंड्या मशीनमागून उठला नाही. मीच उठले.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "तो कापड घेणार होता हे तुला माहीत होतं."

तो मशीनमधला दोरा तोडायला लागला.

"घसा सुकला होता काय रे? फोनवर नव्हता सुकला!"

"ताई, हळू बोल."

"का हळू बोलू? माझं टेबल गेलं ते हळू गेलं का? केसाने गळा कापलास माझा गुंड्या, आणि केस कोणाचा वापरलास? माझाच! माझ्याच तोंडून माझं टेबल उचलायला लावलंस!"

तेव्हा तो उठला. चष्मा काढला, परत घातला. "मालकासमोर मी एक शब्दही खोटा बोललो नाही," तो म्हणाला.

"तेच तर. बोलला असतास तर बरं झालं असतं. खोट्याला निदान मी उत्तर दिलं असतं."

"तुला माझं काय होतं ते कधी दिसलं का?" आता त्याचाही आवाज चढला. "मी बोललो की लोक हसतात, खूश होतात आणि तुझं कापड घेतात. तू चामड्याची स्तुती करतेस ती डॉक्टरने औषध लिहून दिल्यासारखी. इतकी वर्षं मी माझ्या तोंडाने तुझं टेबल भरलं आणि माझी चामडी दांडीवर वाळत राहिली. आबांनी नियम केला तेव्हा त्यांनी हे बघितलं नाही. तूही बघितलं नाहीस. एकदा, फक्त एकदाच मी गप्प बसलो."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, असं नंतर कोणीतरी मला म्हणालं. मला नाही वाटलं. माझं तोंडच तसं आहे, मी वाढदिवसाला बोलवायला गेले तरी लोकांना वाटतं भांडायला आले. चामड्याबद्दल मी बोलले ते सगळं मनापासून बोलले आणि कधीही एक गुण लपवला नाही. त्याला ते कमी पडत होतं तर माझ्यासमोर येऊन म्हणायचं होतं.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "म्हणायचं होतंस, ताई, हा नियम मला जड जातो, मोडू या."

"तू मोडू दिला असतास?"

"नसता दिला. भांडले असते. पण समोरासमोर भांडलो असतो ना रे. मला माहीत तर असतं, की आता समोरून कोणी बोलणार नाही. मग मी मालकासमोर इतकी उघडी पडले नसते. तू मला नेहमीसारखं बोल म्हणालास, गुंड्या. हातचं राखू नकोस म्हणालास. माझ्या हातात काही उरायलाच नको होतं तुला."

तो माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, "तुला मी कधी काही कमी पडू देणार नाही, ताई."

या वाक्याचा जितका राग आला तितका बाकी कशाचाच आला नव्हता. मी माझी कातर घेतली, टेप घेतला, शिडीखालचे तागे एक एक करून बाहेर काढले. तो मदतीला आला तर हात झटकला. ताग्यांना लागलेली धूळ झटकायलाही मी थांबले नाही.

घरी नवऱ्याने मला बघितलं, ताग्यांकडे बघितलं. मी वाटच बघत होते, की आता म्हणेल, सांगत होतो मी. तो नाही म्हणाला. त्याने बाहेरच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केला, जेवायचं टेबल ओढून खिडकीजवळ आणलं आणि विचारलं, "एवढं पुरेल का?" काही माणसांना फक्त शिक्के मारता येतात हे माझं मत मी त्या दिवशी मागे घेतलं.

घरातच काम सुरू केलं. फाटलेली पाठ, उसवलेली कड, असलं बारीकसारीक मिळायचं. पूर्ण गाडीच्या सीट घेऊन पहिली आली ती दातांची डॉक्टरीण. जुनी गाडी विकत घेतली होती तिने, सीट पार फाटलेल्या. हसरी बाई होती. खुर्चीवर बसली, खोलीकडे बघितलं, आणि तिनेही तोच प्रश्न विचारला.

"काकू, कापड घेऊ की चामडं?"

मी ताठ उभी राहिले. सवय ती सवय. "कापड डाग धरतं," मी म्हटलं. "चहा सांडला तर पुसेपर्यंत आत जातो. वास धरतं. गोळे येतात. चामडं ओल्या फडक्याने पुसलं की झालं. जुनं होताना जास्त शोभतं." एवढं बोलून मी गप्प झाले आणि समोर बघितलं.

समोर खिडकी होती. बाजूला भिंतीला उभा केलेला पलंग होता. मी तशीच उभी. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण डॉक्टरीण माझ्याकडे निरखून बघायला लागली, भूल उतरली की नाही हे बघतात तसं.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे चामडंच घ्यावं म्हणता. कुठे करतात ते?"

मी पत्ता सांगणार होते. अगदी ओठांवर आला होता. आणि मग मला असा संताप आला, की तो गुंड्याचा होता की आबांचा की माझाच, ते कळलं नाही. म्हटलं, त्याने माझे शब्द दिले नाहीत म्हणून मी ते सोडून देऊ काय? मला ते पाठ आहेत. अक्षरन् अक्षर पाठ आहेत.

"थांबा," मी म्हटलं. "अजून अर्धं राहिलंय."

मी टेबलाला वळसा घालून पलीकडे, खिडकीपाशी गेले. का गेले माहीत नाही, इकडे उभं राहून मला ते बोलता आलं नसतं. "ते सगळं खरं," मी म्हटलं, "पण उन्हात उभी केलेली गाडी बघितलीय का कधी? त्यात चामड्यावर बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं. तव्यावरच्या ऑम्लेटला निदान कोणीतरी उलटतं. तुम्हाला कोण उलटणार?"

डॉक्टरीण हसली. मी पुढे बोलत राहिले. किल्लीचा ओरखडा, टाचेच्या भेगा, घसरणारी सासू. तो जिथे थांबायचा तिथे थांबले, तो जिथे हात हलवायचा तिथे हलवला. सासू सुनेच्या मांडीवर बसली तेव्हा डॉक्टरीण तोंडावर हात धरून हसत होती. मग मी ताग्यावर हात ठेवला. माझा घसा खरंच सुकला होता.

"कापड माणसाला धरून ठेवतं," मी म्हटलं. "चामडं वळण आलं की सोडून देतं."

डॉक्टरीण डोळे पुसत म्हणाली, "काय गोड बोलता हो तुम्ही, काकू! कापडच करा. निळ्यातलं दाखवा काही."

"हे बोलणं माझं नाही," मी म्हटलं. "माझ्या भावाचं आहे."

"अय्या, तेही शिवतात? कुठे असतात? भेटवा की एकदा."

मी निळा तागा काढला, टेबलावर उलगडला आणि हाताने सारखा केला.

"त्याच्या तोंडून ऐकलं असतंत तर याहून जास्त हसला असतात," मी म्हटलं. "पण तो आता हे बोलत नाही."